बंदीचा कागद कुठे आहे?

ऑक्टोबर २०१६. त्र्यंबकेश्वरजवळच्या तळेगावात एका लहान मुलीवर अत्याचाराचा प्रयत्न झाला आणि नाशिक जिल्हा पेटला. एसटी बस जळल्या, दलित वस्त्यांवर हल्ले झाले आणि प्रशासनाने मोबाइल इंटरनेट बंद केलं. ‘बरं झालं, निदान आग तरी पसरणार नाही,’ असं म्हणणारे तेव्हा होते, आजही आहेत. त्यांची भीती खोटी नाही. जुलै २०१८ मध्ये शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, मोबाइलवर फिरणाऱ्या अफवांमुळे मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्याच सुमारास मालेगावातही एक कुटुंब जमावाच्या तावडीत सापडलं होतं. तिथे स्थानिकांनी त्यांना घरात घेतलं, पोलीस पोचले, म्हणून जीव वाचले.

मालेगावची ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण तिथे अफवेला माणसांनी अडवलं. अफवेला उत्तर द्यायला खात्रीची बातमी लागते, आणि नेट बंद झालं की अफवेबरोबर पोलिसांचा खुलासाही लोकांपर्यंत पोचत नाही.

२०१६ पर्यंत अशा बंदीसाठी देशात बहुतेकदा जमावबंदीचं कलम १४४ वापरलं जाई. स्वतंत्र नियम आले ऑगस्ट २०१७ मध्ये. त्यांनुसार आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा हवा होता, त्यात कारणं हवी होती आणि पाच कामकाजी दिवसांत आढावा समितीने तो तपासायला हवा होता. १० जानेवारी २०२० रोजी इंटरनेटबंदीविरुद्धच्या अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की आदेश जाहीर झालाच पाहिजे. कारण सोपं आहे: कागदच हाती नसेल तर नागरिक न्यायालयात कशाला आव्हान देणार? तरीही डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीला आढळलं की देशात कुठे, किती वेळा नेट बंद झालं याची नोंद दूरसंचार विभागाकडेही नाही आणि गृह मंत्रालयाकडेही नाही. बंदीने दंगल थांबते का, हे मग कोणी आणि कशाच्या आधारावर ठरवलं?

संकेतस्थळं अडवण्याचा कारभार तर आणखी बंदिस्त आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखाली सरकार पानं अडवतं आणि २००९ च्या नियमांतला सोळावा नियम त्या तक्रारी व कारवाई गोपनीय ठेवतो. वाचणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की पान उघडत नाही. नेटवर्क गेलं की सरकारने अडवलं, हे त्याने कसं ओळखायचं? पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी २०१२ मध्ये अटक झाली, त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात २०१५ साली ६६अ कलम रद्द झालं. ६९अ मात्र टिकलं, कारण त्यात प्रक्रियेची संरक्षणं आहेत असं न्यायालयाला वाटलं. ती संरक्षणं गुप्ततेच्या कुलपात असतील, तर ती पाळली गेली की नाही हे कळणार कसं?

नाशिककरांपुढे नेटबंदीचा हा प्रश्न लवकरच येणार आहे. २०२७ मध्ये इथे सिंहस्थाची शाहीस्नानं आहेत, आणि २००३ च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी शहर विसरलेलं नाही. गर्दीत हरवलेल्यांना शोधायला, रस्ते वळवल्याची सूचना द्यायला मोबाइल लागणारच. नेट बंद करायची वेळ आली तर आदेश कोण काढणार, तो मराठीत कुठे लागणार आणि दवाखाने, बँका, रुग्णवाहिका यांची सोय काय, हे जिल्हा प्रशासनाने आत्ताच लिहून जाहीर करावं.