रोहयोचा बेरोजगार भत्ता : पंधरा दिवस मोजायचे कुठून?

‘बेरोजगार भत्ता’ म्हटलं की आपल्याकडं व्हॉट्सॲपवरचा तो मेसेज आठवतो. लिंक दाबा, फॉर्म भरा, महिन्याला ३५०० रुपये खात्यात. तसली कुठलीही योजना नाही, केंद्र सरकारच्या पीआयबीनं ते मेसेज केव्हाच खोटे ठरवलेत. पण कायद्यानं मिळणारा खरा बेरोजगार भत्ता आपल्या गावातल्या जवळपास प्रत्येक जॉबकार्डवाल्या घराचा हक्क आहे आणि तो मिळालेलं माणूस मला तरी आमच्या तालुक्यात भेटलेलं नाही. असं का होतं, ते यंदाच्या उन्हाळ्यात जवळून बघायला मिळालं.

आमच्या वस्तीवरची निम्मी घरं ऊसतोडीला जातात. मार्च-एप्रिलात कोयता परत येतो. उचल फिटलेली असते किंवा फिटलेली नसते, पण हातात काम नसतं. मृगापर्यंतचे दोन महिने काढायचे कसे, हा दरवर्षीचा प्रश्न. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून सुकडी खाल्लेली म्हातारी माणसं अजून या कामाला ‘दुष्काळी काम’च म्हणतात. रोजगार हमी महाराष्ट्रातच जन्मली, १९७७ ला राज्याचा कायदा झाला, मग २००५ ला देशाचा. कायदा सांगतो की काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम द्या, नाहीतर भत्ता द्या.

सगळी गोम ‘मागितल्यापासून’ या शब्दात आहे.

वस्तीवरच्या बाया एप्रिलपासून रोजगार सेवकाला विचारत होत्या. तो म्हणायचा, “मावशी, काम निघालं की मीच सांगतो, अर्ज कशाला?” चांगल्या मनानंच म्हणायचा. पण तोंडी विचारण्याची तारीख कुठंच लागत नाही. पुढं काम निघतं, मस्टर काढायच्या वेळी कॉम्प्युटरमध्ये ‘डिमांड’ टाकावीच लागते, ती त्याच आठवड्याची टाकली जाते. म्हणजे रेकॉर्डला दिसतं की बाईनं सोमवारी काम मागितलं आणि गुरुवारी मिळालं. आधीचे दीड महिने बसून काढले ते कागदावर नाहीतच. कागदावर कुणालाच उशीर झालेला नाही, मग भत्ता कुणाला द्यायचा?

म्हणून ५ मे २०२५ ला, सोमवारी, आम्ही अकरा जण ग्रामपंचायतीत गेलो. मी लिहायला आणि बाकीचे मागायला. खरं तर जॉबकार्ड माझंही आहे. तीन एकर कोरडवाहूवर आणि बातम्यांच्या मानधनावर घर चालत नाही, हे लिहायला लाज कसली. तर अर्ज हा नमुना ४ वर करायचा असतो. छापील नमुना नसला तर साध्या कागदावरही चालतो. त्यात नाव, जॉबकार्ड नंबर, कोणत्या तारखेपासून काम पाहिजे आणि किती दिवस पाहिजे एवढं लागतं. अर्ज घेतला की नमुना ५ ची तारखेसह पोच द्यावीच लागते. ही पोच म्हणजेच तुमचं घड्याळ. ती नसेल तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही.

पोच द्यायला टाळाटाळ झालीच. “शिक्का आत कुलपात आहे, उद्या या.” असं झालं तर भांडत बसू नका. हाच अर्ज तहसील कार्यालयातही देता येतो. आपल्या राज्यात तहसीलदार हे या योजनेचे कार्यक्रम अधिकारी आहेत आणि गटविकास अधिकारी सह-कार्यक्रम अधिकारी. दोन प्रती न्यायच्या, एकीवर आवक नंबर आणि तारखेचा शिक्का घ्यायचा. तेही जमत नसेल तर स्पीड पोस्टानं पाठवायचा, पोस्टाची पावती अर्जाच्या झेरॉक्सला टाचून ठेवायची. आम्ही तहसीलला जातो म्हणताच आमचा शिक्का कुलपातून निघाला.

अर्जात दोन चुका फार लोक करतात.

पहिली दिवसांची. ‘आठ दिवस काम पाहिजे’ असं लिहू नका. नियमानुसार अर्ज साधारणपणे किमान सलग १४ दिवसांचा असावा लागतो. पण १४ सुद्धा कमीच पडतात, कारण भत्ता सोळाव्या दिवसापासून सुरू होतो आणि मागणीची मुदत संपली की भत्त्याच्या हिशेबावरही वाद सुरू होतो. आम्ही ४५ दिवस लिहिले, म्हणजे १८ जूनपर्यंत. दुसरी चूक तारखेची. आज अर्ज दिला आणि काम पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून मागितलं, तर १५ दिवस पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून मोजतात, आजपासून नाही. त्यामुळं काम लगेच करायची तयारी असेल तर ‘आजपासून’ असंच लिहा.

आमचे पंधरा दिवस २० मे ला संपले. काम नाही. २१ मे पासून भत्ता लागू झाला. तो किती, हे आता बघू. एका आर्थिक वर्षात पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान पाव हिस्सा, त्यापुढं किमान निम्मा. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी मजुरीचा दर ३१२ रुपये आहे. पाव म्हणजे ७८ रुपये, निम्मे म्हणजे १५६. अठ्ठ्याहत्तर रुपयांत काय होतं, असं कुणी विचारलं तर बरोबरच आहे. पण हा पैसा राज्य सरकारला स्वतःच्या तिजोरीतून द्यावा लागतो. मजुरी केंद्राची, भत्ता राज्याचा. आणि भत्ता मंजूर झाला की काम का दिलं नाही, हा प्रश्न वर विचारला जातो. म्हणून सगळी यंत्रणा त्या अठ्ठ्याहत्तर रुपयांना भिते आणि म्हणूनच काम मागणाऱ्यानं ते मागायला पाहिजेत.

रोजगार सेवकाचीही बाजू आहे, ती सांगितली पाहिजे. मानधन वेळेवर नाही, फोटो काढायला मोबाइल स्वतःचा, रेंज मिळाली नाही तर शिव्या मजुरांच्या. कामांना मंजुरी देणं त्याच्या हातात नाही. शेल्फवर मंजूर काम नसेल तर तो काम देणार कुठून? यंदा मे महिन्यातच पावसानं झोडपून काढलं, मातीची कामं बंद पडली, हेही खरं. पण पाऊस पडला म्हणून पंधरा दिवसांची मुदत थांबते असं कायद्यात मला कुठं सापडलं नाही. वृक्ष लागवडीचे खड्डे त्या वाफशावर निघाले असते.

आता खरा घोटाळा जिथं होतो ते. मे संपता संपता मी मोबाइलवर नरेगाच्या साइटवर आमची जॉबकार्डं उघडून बघितली. हे कुणालाही बघता येतं. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडत गेलं की जॉबकार्डांची यादी येते. आपल्या नंबरवर गेलं की खाली तीन तक्ते दिसतात. पहिल्यात काम कधी मागितलं, दुसऱ्यात काम कधी देऊ केलं, तिसऱ्यात प्रत्यक्ष काम कधी केलं. आमच्यापैकी चार जणांची डिमांड ५ मे ऐवजी १९ मे ची दिसत होती. म्हणजे आमचं घड्याळ परस्पर चौदा दिवस पुढं सरकवलेलं. आणि दोन बायांच्या नावापुढं दुसऱ्या तक्त्यात २२ मे पासून काम ‘देऊ केलेलं’ होतं. कुठलं काम, कुठं, त्यांना पत्ता नाही. एक काकू तर म्हणाल्या, “मला काम दिलं आणि मलाच माहीत नाही व्हय!”

हे हसण्यावारी नेऊ नका. काम देऊ केल्याचं रेकॉर्डला लागलं की भत्ता तिथंच थांबतो. आणि कळवूनही माणूस १५ दिवसांत कामावर गेला नाही, तर तीन महिने त्याला भत्त्याचा हक्क राहत नाही. काम मात्र तो कधीही मागू शकतो, ते बंद होत नाही. पण ‘कळवणं’ म्हणजे कॉम्प्युटरमध्ये नोंद करणं नव्हे. जॉबकार्डवरच्या पत्त्यावर लेखी पत्र आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर नोटीस, असं नियमात आहे. आम्ही त्याच दिवशी तारीख दिसेल असा फलकाचा फोटो काढला. फलकावर घरपट्टीची जुनी नोटीस होती, बाकी काही नाही. पंधरा दिवसांच्या मुदतीत दर दोन-चार दिवसांनी साइट बघत राहा आणि स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, कारण आज दिसणारं उद्या तसंच दिसेल याची खात्री नाही.

काम शेवटी ९ जूनला निघालं, शिवारातल्या बांधबंदिस्तीचं. २१ मे ते ८ जून असे १९ दिवस झाले. गुणिले ७८, माणशी १४८२ रुपये. १० जूनला आम्ही तहसीलला भत्त्याचा अर्ज दिला. त्यासोबत नमुना ५ च्या पोचेची झेरॉक्स, जॉबकार्डच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, स्क्रीनचे प्रिंट आणि फलकाचा फोटो लावला. अर्जात एवढंच लिहिलं की अमुक तारखेला काम मागितलं, अमुक तारखेपर्यंत मिळालं नाही, इतक्या दिवसांचा भत्ता कलम ७ प्रमाणं द्यावा. रागाची भाषा टाळली. एका जणानं ‘अन्याय’ शब्द चार वेळा लिहून आणला होता, तो कागद घरीच ठेवला.

भत्ता देय झाल्यापासून १५ दिवसांत द्यायचा असतो. नाही मिळाला तर पुढची पायरी तक्रारीची, आणि तक्रार कार्यक्रम अधिकाऱ्यानं रजिस्टरला नोंदवून सात दिवसांत निकाली काढायची असते. त्यावर समाधान झालं नाही तर जिल्हाधिकारी, जे जिल्हा कार्यक्रम समन्वयक असतात, किंवा जिल्ह्यासाठी नेमलेले लोकपाल. प्रत्येक ठिकाणी जुन्या अर्जाचा आवक नंबर आणि तारीख लिहायची. बायांच्या अर्जांचा गठ्ठा मी खताच्या रिकाम्या पिशवीत घालून पत्र्याला टांगला होता, कारण उंदीर. पद्धत कुठलीही वापरा, कागद एका जागी पाहिजेत.

काम मिळाल्यावर मजुरीला उशीर होतो, त्याचंही वेगळं घड्याळ आहे. मस्टर बंद झाल्यापासून १५ दिवसांत पैसे यायला पाहिजेत. सोळाव्या दिवसापासून थकलेल्या रकमेवर रोज ०.०५ टक्के भरपाई. सहा दिवसांचे पूर्ण दरानं १८७२ रुपये झाले धरले तर दिवसाला साधारण ९४ पैसे. दोन महिन्यांनी पैसे आले तर ४५ दिवसांचे ४२ रुपये. भरपाई किती, यापेक्षा उशीर कुठं झाला हे शोधणं जास्त कामाचं. मोजमाप पुस्तिका भरली नाही म्हणून अडलं असेल तर पंचायत समितीत. तिथून पैसे सुटलेत पण खात्यात नाहीत, असं असेल तर आधारशी शेवटचं कोणतं खातं जोडलं गेलं ते बघा. २०२४ च्या जानेवारीपासून मजुरी आधारवरूनच जमा होते, पासबुकाच्या नंबरावर नाही. आमच्या एका वहिनींचे दोन हप्ते सिमकार्ड घेताना उघडलेल्या खात्यात पडून होते, ते खातं आपलं आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

एमआयडीसीतलं काम सुटून गावी आलेल्या पोरांनी एक लक्षात घ्या. जॉबकार्ड काढून काम मागितलं तरच हा भत्ता तुम्हाला लागू होतो. कंपनीत ईएसआय कापला जात असेल तर त्याची वेगळी योजना आहे, त्यावर पुढं लिहीन.

आमच्या अर्जाचं काय झालं, ते विचारतात लोक. जूनअखेर काही आलं नाही. ७ जुलैला तक्रार दिली, सात दिवसांत उत्तर नाही. तिसऱ्या आठवड्यात तहसीलचं ग्रामपंचायतीला खुलासा मागणारं पत्र आलं, त्याची प्रत आम्ही मागून घेतली. त्यात ५ मे ही तारीख मान्य केलेली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. मागच्या सोमवारी त्याच बायांनी पुन्हा नमुना ४ भरला, आणि रोजगार सेवकानं त्यांच्यासमोरच मोबाइलवर डिमांड टाकून तारीख वाचून दाखवली. लोकपालांकडं द्यायच्या अर्जाचं टायपिंग चालू आहे.