साठवण वाढली, इंटरनेट अडले

संगणकीय प्रणालीतील दोष म्हटला की चुकलेला हिशेब, अचानक बंद पडणारा प्रोग्राम किंवा घुसखोराला मोकळी राहिलेली वाट असे काहीतरी डोळ्यांपुढे येते. परंतु लिनक्स या मुक्त प्रणालीच्या नेटवर्क विभागात २०१० नंतर झालेली सर्वांत मोलाची दुरुस्ती अशा कोणत्याही चुकीची नव्हती. जो दोष दूर करायचा होता त्यात प्रत्येक सुटा भाग आपले नेमून दिलेले काम चोख करत होता, एकही ओळ नियमाविरुद्ध लिहिलेली नव्हती, आणि तरीही घरातील एका संगणकावरून मोठी फाइल अपलोड होऊ लागली की त्याच जोडणीवरून चाललेले संभाषण तुटू लागे आणि साधे संकेतस्थळ उघडायलाही कित्येक सेकंद लागत. बफर गरजेपेक्षा फुगल्यामुळे उद्भवणाऱ्या या दोषाला ‘बफरब्लोट’ म्हणतात.

इंटरनेटवरून जाणारा मजकूर, चित्र किंवा आवाज साधारणपणे १,५०० बाइटपर्यंतच्या तुकड्यांत विभागला जातो आणि या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. वेगवान जोडणीवरून आलेली पॅकेट संथ जोडणीवरून पुढे पाठवायची असतील तर ती क्षणभर थांबवून धरावी लागतात. त्यासाठी राउटरमध्ये, मोडेममध्ये आणि संगणकाच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, थोडी मेमरी राखून ठेवलेली असते आणि तिलाच बफर असे नाव आहे. पॅकेटांचा अचानक आलेला लोंढा झेलण्यासाठी बफर हवाच. मात्र तो मोठा केल्याने पुढच्या जोडणीचा वेग तसूभरही वाढत नाही. दळणाच्या गिरणीबाहेर डबे ठेवण्याचा ओटा कितीही लांब केला तरी पीठ पडण्याचा वेग तोच राहतो, वाढतो तो फक्त शेवटच्या डब्याचा खोळंबा, आणि नेटवर्कमध्ये नेमके हेच घडले.

बफर मोठा झाल्याने होणारी हानी केवळ खोळंब्यापुरती नाही, हे समजण्यासाठी टीसीपी या नियमसंचाची कार्यपद्धती पाहावी लागते. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तेथून अवघ्या ४०० यार्डांवर असलेले बर्कली विद्यापीठ यांच्यामधील जोडणीचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला, कारण पॅकेट पोहोचले नाही की संगणक तेच पुन्हा पुन्हा पाठवत होते आणि कोंडी आणखी घट्ट होत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या उपायानुसार पाठवणारा संगणक आपला वेग हळूहळू वाढवत नेतो, आणि एखादे पॅकेट हरवल्याचे कळताच वाट भरली आहे असे समजून तो वेग खाली आणतो. पॅकेट हरवणे हा अशा रीतीने अपघात न राहता इशारा ठरला, आणि हा इशारा वेळेवर मिळण्यावर साऱ्या इंटरनेटचा तोल अवलंबून राहिला.

पुढे मेमरी स्वस्त झाली. पॅकेट हरवणे वाईट, म्हणून ते हरवू न देणारे उपकरण चांगले, अशी समजूत उत्पादकांत रुजली आणि बफर वाढत गेले. लिनक्समध्ये इथरनेट जोडणीच्या रांगेची प्रचलित मर्यादा १,००० पॅकेटांची होती. १,५०० बाइटांच्या १,००० पॅकेटांत १ कोटी २० लाख बिट मावतात. सेकंदाला १ गिगाबिट वेगाच्या जोडणीवर ही रांग १२ मिलिसेकंदांत रिकामी होते, परंतु सेकंदाला १ मेगाबिट वेगाच्या जोडणीवर तिला १२ सेकंद लागतात. दूरध्वनीवरील बोलणे सहज वाटावे यासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे, हे लक्षात घेतले की त्या आकड्याचे गांभीर्य कळते. त्याहून अधिक घातक गोष्ट अशी की रांग काठोकाठ भरेपर्यंत पॅकेट हरवत नाही, म्हणून पाठवणाऱ्याला इशारा मिळत नाही, आणि तो मिळतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

एक्स विंडो प्रणालीच्या मूळ रचनाकारांपैकी एक असलेले जिम गेटिस यांना २०१० मध्ये आपल्या घरच्या जोडणीवर हा विलंब एका सेकंदाहून अधिक आढळला. त्यांनी त्याचा छडा लावला तेव्हा एका उपकरणाऐवजी जवळजवळ सर्वच उपकरणे दोषी निघाली. त्यांनी डेव्ह टाट यांच्यासह २०११ मध्ये सुरू केलेल्या बफरब्लोट प्रकल्पाने घरगुती राउटरवरील लिनक्सला प्रयोगशाळा बनवले, आणि पुढच्या बहुतेक सुधारणा तेथेच तावून सुलाखून निघाल्या.

रांग भरण्यापूर्वीच काही पॅकेट टाकून द्यावीत ही कल्पना जुनी होती. सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनी १९९३ मध्ये ‘रेड’ ही पद्धत मांडली होती. परंतु ती रांगेची सरासरी लांबी पाहून निर्णय घेई, आणि किती लांबीला किती पॅकेट टाकायची हे प्रत्येक जोडणीसाठी हाताने ठरवावे लागे, त्यामुळे बहुतेक ठिकाणी ती सुरूच केली गेली नाही. कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी मे २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘कोडेल’ पद्धतीचे मोठेपण असे की तिने लांबी मोजणेच सोडून दिले. प्रत्येक पॅकेट रांगेत शिरताना त्यावर वेळेची नोंद होते आणि बाहेर पडताना ते किती काळ थांबले हे पाहिले जाते. सलग १०० मिलिसेकंदांत ही प्रतीक्षा एकदाही ५ मिलिसेकंदांच्या खाली आली नाही, तरच रांग खऱ्या अर्थाने तुंबली आहे असे मानले जाते. क्षणिक लोंढा झेलून ओसरणारी रांग उपयोगी आणि कायम उभी राहणारी रांग निरुपयोगी, हा भेद सरासरीत पुसला जातो, पण किमान प्रतीक्षेत स्पष्ट उमटतो. या साध्या निरीक्षणात कोडेलचे सारे सामर्थ्य आहे.

रांग तुंबल्याचे ठरले की कोडेल रांगेच्या अग्रभागाचे पॅकेट टाकते, कारण शेपटाकडचे टाकले तर त्याची वार्ता पाठवणाऱ्याकडे पोहोचायला पुढची सगळी रांग सरकावी लागेल. तरीही प्रतीक्षा घटली नाही तर दोन पॅकेट टाकण्यामधील अंतर रांग तुंबल्यापासून टाकलेल्या पॅकेटांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात कमी केले जाते, आणि टीसीपीचा वेगही पॅकेट हरवण्याच्या प्रमाणाच्या वर्गमुळाशी असाच निगडित असल्याने दोन्ही बाजू एकाच लयीत चालतात. जोडणीचा वेग काहीही असला तरी वेळेचे माप तेच राहते, म्हणून इथे हाताने काही ठरवावे लागत नाही. एरिक द्युमाझे यांनी ही पद्धत लिनक्ससाठी लिहिली आणि जुलै २०१२ मध्ये आलेल्या ३.५ या आवृत्तीत ती दाखल झाली. संशोधनलेख छापून आल्यापासून काही आठवड्यांत त्याचा सिद्धान्त जगभरच्या यंत्रांवर चालण्याजोगा व्हावा, ही मुक्त प्रणालीच्या परंपरेतील विलक्षण घटना आहे.

त्याच आवृत्तीत ‘एफक्यू-कोडेल’ हे कोडेलचे अधिक प्रभावी रूपही आले. त्यात पॅकेटचा उगम-पत्ता, गंतव्य-पत्ता, दोन्ही टोकांचे पोर्ट क्रमांक आणि नियमसंचाचा प्रकार यांवरून त्याला १,०२४ उपरांगांपैकी एकीत घातले जाते आणि उपरांगांना आळीपाळीने संधी मिळते. ज्या उपरांगेत पॅकेट क्वचित येतात तिला आधी जाऊ दिले जाते, त्यामुळे संकेतस्थळाचा पत्ता विचारणारी विनंती किंवा आवाजाचे चिमुकले पॅकेट मोठ्या फाइलीच्या मागे अडकत नाही. आणि कोणते पॅकेट महत्त्वाचे हे कोणी सांगितलेले नसतानाही हा न्याय होतो.

कर्नलमधील रांग सुधारली तरी तिच्या खाली नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरची आणखी एक रांग असते आणि तिथे गेलेले पॅकेट कोडेलच्या हाताबाहेर जाते. त्यामुळे टॉम हर्बर्ट यांनी केलेली, मार्च २०१२ च्या ३.३ आवृत्तीत आलेली दुरुस्ती तितकीच आवश्यक होती; तिने खालच्या रांगेची मर्यादा पॅकेटांऐवजी बाइटांत मोजायला आणि कार्डाला अखंड काम मिळेल इतकीच सतत जुळवत ठेवायला सुरुवात केली.

कर्नलमध्ये सोय झाली म्हणजे ती वापरात आली असे होत नाही. रांगेची पद्धत बदलण्याची ‘टीसी’ ही आज्ञा थोड्याच व्यवस्थापकांना अवगत असते आणि घरगुती वापरकर्त्याला तिचे अस्तित्वही ठाऊक नसते. यंत्र सुरू होताना सेवा आणि सेटिंग सांभाळणाऱ्या सिस्टमडी या व्यवस्थापन-सॉफ्टवेअरने २०१४ मधील २१७ व्या आवृत्तीपासून एफक्यू-कोडेल हीच मूळ निवड केली, आणि एका ओळीच्या या बदलाने ही सुधारणा तिच्याविषयी कधीही न ऐकलेल्या असंख्य लोकांपर्यंत पोहोचली. व्यवस्थापन-सॉफ्टवेअरमधील मूळ निवडीला तांत्रिक लेखनात फारसे महत्त्व मिळत नाही, पण नव्या पद्धतीच्या शोधाइतकेच ते तिला मिळायला हवे.

वायफायने वेगळीच अडचण उभी केली, कारण तिथे हवेतील वेळ सर्वांत वाटून घ्यावी लागते आणि दूरच्या खोलीतील एक संथ उपकरण ती वेळ खाऊन बाकीच्यांनाही संथ करते. टोके होइलँड-यॉर्गेन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या कामाने पॅकेटांऐवजी हवेतील वेळेची समान वाटणी लिनक्समध्ये आणली. एफक्यू-कोडेल २०१८ मध्ये आरएफसी ८२९० या क्रमांकाने इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत नोंदले गेले आणि त्याच वर्षी ‘केक’ ही पुढची पद्धत लिनक्सच्या ४.१९ आवृत्तीत आली.

केकचा खरा उपयोग जिथे फुगलेली रांग आपल्या ताब्यात नसते तिथे आहे. सेवादात्याच्या मोडेममधील सॉफ्टवेअर ग्राहकाला बदलता येत नाही. परंतु त्याच्या अलीकडे असलेल्या राउटरने पाठवण्याचा वेग जोडणीच्या वेगापेक्षा किंचित कमी ठेवला तर मोडेममध्ये रांग साचतच नाही, ती राउटरमध्ये साचते आणि तिथे केक तिला आवरून धरतो. राउटरसाठी असलेल्या ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्स वितरणात ही सोय उपलब्ध आहे. आपल्या घरी हा दोष आहे की नाही हे पाहण्यासाठी एखाद्या दूरच्या सर्व्हरला पिंग, म्हणजे केवळ उत्तर मागणारे छोटे पॅकेट, पाठवत राहावे आणि त्याच वेळी एक मोठी फाइल अपलोड करावी. पिंगचा परतीचा वेळ २०–३० मिलिसेकंदांवरून शेकडो मिलिसेकंदांवर गेला तर रांग फुगलेली आहे, आणि अधिक वेगाची योजना घेण्यापूर्वी ती रांग आवरणारा राउटर बसवणे हा बहुधा अधिक उपयुक्त खर्च ठरतो.