बत्तीला भोक न पाडता

पंपाचा दांडा बाहेर ओढला तेव्हा त्याच्या टोकाशी चामड्याची वाटी निघाली. वाळून इतकी कडक झालेली की नखाने टकटक वाजत होती. ती वाटीभर खोबरेल तेलात बुडवून मी रात्रभर ठेवून दिली. सकाळी ती बोटांत दुमडता येऊ लागली, आणि आजोबांची गॅसबत्ती दुबई मरीनाच्या सदतिसाव्या मजल्यावर पुन्हा हवा धरील अशी आशा वाटू लागली.

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरात ती माळ्यावर गोणपाटात गुंडाळून पडली होती. पहिल्या खेपेला मी ती तशीच बॅगेत घातली आणि विमानतळावरून परत पाठवावी लागली, कारण टाकीला रॉकेलचा वास होता. विमानतळावरच्या लोकांचं बरोबरच होतं. पुढच्या खेपेला टाकी साबणाच्या पाण्याने चार वेळा विसळली, आठवडाभर झाकण उघडं ठेवून उन्हात वाळवली, तेव्हा ती इकडे आली. इथे ती पेटवायची नाही हे आधीच ठरलं होतं. काचेच्या उंच इमारतीत, धूर हुंगणाऱ्या यंत्राखाली, रॉकेल आणि उघडी ज्योत आणायला घरच्यांनीही परवानगी दिली नसती. तेव्हा आत विजेचा दिवा बसवायचा. प्रश्न होता तो कसा बसवायचा एवढाच, आणि त्या ‘कसा’साठी मी दोन वर्षं घालवली.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगायला हवं. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आपल्या आजी-आजोबांच्या घराघरांत होता, पण तो वातीचा दिवा. गॅसबत्तीला वात नाही. तळाच्या पितळी टाकीत रॉकेल, त्यावर पंपाने भरलेली हवा. हवेच्या दाबाने रॉकेल नळीतून वर चढतं. ही नळी ज्योतीच्या अगदी शेजारून जाते, म्हणून तापते, आणि आतल्या रॉकेलची वाफ होते. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून ती वाफ सुसाट बाहेर पडते, हवेत मिसळते, वळसा घेऊन खाली येते आणि मेंटलमध्ये जळते. सुरुवातीला नळी तापलेली नसते, म्हणून आधी वाटीत स्पिरीट ओतून पेटवायचं. सिलिंडर नाही, नळाचा गॅस नाही, तरी आपल्या लोकांनी हिला ‘गॅसबत्ती’ म्हटलं. ते अचूक आहे. हिच्यात जळतो तो रॉकेलचा गॅसच. बिनचूक नाव देणाऱ्या त्या अनाम माणसाचं मला फार कौतुक वाटतं.

उजेड मात्र ज्योतीचा नव्हे, मेंटलचा. ती जाळीची पिशवी ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञाची देणगी. त्याने १८८५ साली पहिलं पेटंट घेतलं, पण त्या मेंटलचा उजेड हिरवट पडे. १८९१ मध्ये त्याला नेमकं मिश्रण सापडलं: ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड. नवं मेंटल पहिल्यांदा पेटवलं की सूत जळून जातं आणि या ऑक्साइडांचा राखेचा सांगाडा तेवढा उरतो. म्हणून तर बत्तीला जरा धक्का लागला की मेंटल ढासळायचं आणि घरातल्या पोराला बोलणी बसायची. बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झ कारखान्याच्या मॅक्स ग्रेट्झने १९१०च्या सुमारास या मेंटलला दाबाच्या रॉकेलची जोड देऊन दिवा काढला. पेट्रोलियम आणि मॅक्स मिळून झालं पेट्रोमॅक्स, आणि आपल्याकडे पुढे कुठल्याही कंपनीची बत्ती पेट्रोमॅक्सच झाली.

मेंटलमधलं थोरियम आपल्या किनाऱ्याशीही जोडलेलं आहे. १९०९ मध्ये शॉम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडलं, आणि तिथली वाळू मेंटलसाठी जर्मनीला जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर १९५५ साली मुंबईत ट्रॉम्बेला थोरियमचा कारखाना सुरू झाला. अणुऊर्जेच्या स्वप्नातून उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यातलं थोरियम नायट्रेट मेंटलवाल्यांकडेही जात असे.

वेल्सबाखची दुसरी गोष्ट मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत जवळची वाटते. विजेच्या दिव्यासाठी ऑस्मियम धातूची तार काढणारा माणूसही तोच. पुढे ऑस्मियम आणि वोल्फ्राम (म्हणजे टंगस्टन) या दोन नावांतून दिव्यांचं ‘ओसराम’ हे नाव तयार झालं आणि १९०६ साली नोंदवलं गेलं. म्हणजे मेंटलच्या जागी बल्ब लावणं हा त्या माणसाचा अपमान नाही. दोन्ही लेकरं त्याचीच.

आमच्याकडे बत्ती निघायची ती दशावताराला. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की देवळासमोरच्या मांडवात दोन बाजूंना दोन बत्त्या आडव्या वाशाला टांगत. तिचा एक आवाज असे, अखंड सुस्कारा टाकल्यासारखा. हार्मोनियमचा सूर लागेपर्यंत मांडवात तेवढाच ऐकू येई. पहाटेकडे दाब उतरला की उजेड तांबूस व्हायचा, राजाच्या मुकुटाची चमक जायची, आणि मागून कोणीतरी हाक मारी, “पंप मार रे, उजेड उतारलो!” मग आजोबा उठून, नाटक न थांबवता, बत्ती खाली घेऊन पंप मारत. देशावर तमाशाच्या फडात हेच, वरातीत हेच. वरातीतल्या बत्त्या मजूर बायका-पुरुष डोक्यावर चुंबळ ठेवून वाहत. नवऱ्यामुलीच्या शालूवर पडलेला तो उजेड फोटोत दिसतो, तो वाहणारी माणसं चौकटीच्या बाहेर राहतात. डोक्यापासून वीतभर अंतरावर ती धग घेऊन ही माणसं कोसभर चालत. बत्ती शोभेची वस्तू झाली तेव्हा त्यांचे कष्टही आपल्या नजरेआड झाले, आणि मला ते विसरायचे नाहीत.

मरीनात आज पाण्यावर जितके दिवे पडतात तितके मी कुठेच पाहिलेले नाहीत. पण ही सगळी खोदलेल्या कालव्याभोवतीची वस्ती याच शतकातली. दुबईची वीज कंपनी तेव्हाचे शासक शेख रशीद यांनी स्थापन केली ती १९५९ साली, म्हणजे महाराष्ट्र राज्य वीज मंडळाच्या जेमतेम एक वर्ष आधी. त्यापूर्वी खाडीकाठच्या घरांत फनर, म्हणजे कंदील, पेटत. बाजारात भारतीय रुपया चालत होता, १९५९ नंतर आखाताचा वेगळा रुपया आला आणि तोही १९६६ पर्यंत टिकला. मुंबईहून ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी माल आणि माणसं घेऊन इथे लागत. आजोबांची पिढी आणि इथल्या शेजाऱ्यांच्या आजोबांची पिढी, दोघांनी अंधार सारखाच पाहिला. लिफ्टमध्ये एका वृद्ध अरबी गृहस्थांनी माझ्या हातातली बत्ती पाहिली. काही बोलले नाहीत, हाताने पंप मारल्याची खूण केली आणि हसले.

आता त्या ‘कसा’कडे येतो. जुन्या बत्त्यांचे विजेचे दिवे करणं हा आता मोठा धंदा आहे. चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर, पुण्याच्या जुन्या बाजारात, इथल्या उपाहारगृहांच्या छतांना ते दिसतात. बहुतेकांची रीत एकच: टाकीच्या बुडाला ड्रिलने भोक, त्यातून वायर वर, मधली नळी कापून जागेवर होल्डर. अर्ध्या तासाचं काम. आजोबांच्या बत्तीला हात लावण्याआधी सराव म्हणून मी एक जुनी जर्मन बत्ती विकत घेतली आणि एका कारागिराकडे दिली. काय नको ते सांगायला मी विसरलो. परत आली तेव्हा बुडाला बोटभर भोक होतं आणि निकेलचा मुलामा घासून खालचं पितळ चकाचक केलेलं. दिवा सुंदर पेटला. पण ती टाकी आता कधीही हवा धरणार नव्हती. भोक बुजवता येतं, पण दाब सोसणाऱ्या भांड्याला डाग दिल्यावर त्यात पुन्हा रॉकेल भरून पेटवणं धोक्याचं. सत्तर-ऐंशी वर्षं शाबूत राहिलेलं यंत्र एका दुपारी नुसती आकृती झालं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दिवे मी तेव्हा पुन्हा जाऊन पाहिले. केळकरांनी एवढे दिवे जमवले, ते जसे होते तसे.

आजोबांच्या बत्तीला म्हणून मी नियम केला: एकही भोक नवं पाडायचं नाही, एकही भाग कापायचा नाही. जे काढू ते डब्यात, चिठ्ठी लावून. टोपी काढली, मेंटल बांधायची चिनी मातीची तोटी सोडवली, तिच्या जागी छोटा होल्डर अडकवला. जुन्या मेंटलची राख फुंकली नाही. तिच्यात किंचित किरणोत्सारी थोरियम असतं आणि ती श्वासात जाऊ नये, म्हणून ओल्या फडक्याने टिपून बंद पिशवीत टाकली. वायर कुठून काढायची यावर आठवडा गेला. शेवटी सापडलं. काचेच्या बुडाशी पत्र्याला एक भोक कारखान्यातूनच असतं, स्पिरीट पेटवायला काडी आत धरायचं. ज्या वाटेने आजोबांची काडी आत जायची त्याच वाटेने माझी वायर बाहेर आली.

विजेचा दाब हाही विचाराचा भाग. इथे घरात २३० व्होल्ट. बत्ती सगळी धातूची, आत एखादी वायर सोलली गेली तर अंगालाच वीज येईल. भिंतीतली वीज थेट दिव्यापर्यंत न्यायची असेल तर तिसरी, अर्थिंगची वायर टाकीला जोडलीच पाहिजे. बाजारातल्या कितीतरी शोभेच्या दिव्यांना ती नसते. मी त्यापेक्षा बारा व्होल्टचा अडॅप्टर आणि तेवढ्यावर चालणारा एलईडी दिवा घेतला. तो फारसा तापत नाही, म्हणून जुनी काचही सुखरूप.

रंगावरून मात्र घरात मतभेद झाले. दुकानदार म्हणाला पिवळा घ्या, जुन्या दिव्याला पिवळाच शोभतो. हा समज सगळीकडे आहे आणि तो चूक आहे. पिवळा उजेड पणतीचा, कंदिलाचा. गॅसबत्ती आली ती पांढरा, डोळे दिपवणारा उजेड घेऊन, आणि गावाने तिला डोक्यावर घेतलं ते त्याच पांढरेपणासाठी. म्हणून मी ४००० केल्व्हिनचा, दुधी काचेचा, लिंबाएवढा बल्ब शोधला. टोपी चढवून लावला तेव्हा काचेतून मेंटलच दिसलं. आवाज तेवढा नव्हता.

वसुबारसेला बत्ती गॅलरीच्या दाराशी टांगली. तेलात भिजून मऊ झालेली चामड्याची वाटी पंपात परत बसवली होतीच. मुलीने विचारलं, पंप मारू? टाकी रिकामी होती, चावी बंद होती, मारायला काही हरकत नव्हती. तिने वीसेक वेळा दांडा दाबला. झाकणावरच्या घड्याळाचा काटा थरथरला, हलला आणि लाल रेघेच्या अलीकडे थांबला. मरीनातल्या बोटींचे दिवे खाली सरकत होते.

सकाळी दूध तापवायला उठलो तेव्हा आधी बत्तीपाशी गेलो. काटा तिथेच होता.