मांजरसुंब्यावरून दिसणारा आकाशगंगेचा फुगवटा: तिथल्या ताऱ्यांचा वेग मोजतात कसा?

मेअखेरीस रात्री दीडच्या सुमारास मांजरसुंब्याच्या घाटमाथ्यावर, हायवेच्या दिव्यांपासून जरा बाजूला उभं राहून दक्षिणेकडे पाहा. विंचवाची नांगी, म्हणजे मूळ नक्षत्र दिसेल. तिच्या डावीकडे किटलीच्या आकाराचे धनु राशीचे तारे. किटलीच्या तोटीजवळ आकाशगंगेचा पट्टा जाड होतो. तोच आपल्या दीर्घिकेचा मध्यवर्ती फुगवटा, साधारण २६ हजार प्रकाशवर्षे दूर.

तिथले तारे स्थिर नाहीत. सेकंदाला शंभरेक किलोमीटर वेगाने ते इकडे-तिकडे धावतात. मग आजोबांनी पाहिलेली धनु रास आजही तशीच का दिसते? अंतरामुळे. हा वेग आपल्याला वर्षाला सुमारे ३ मिलीआर्कसेकंद एवढाच दिसतो. म्हणजे मांजरसुंब्यात बसून, अकराशे किलोमीटरवरच्या दिल्लीतला माणूस वर्षभरात एका बोटाच्या जाडीएवढा सरकला, हे ओळखायचं! (मध्ये पृथ्वीचा गोलावा येतो, तो तूर्तास विसरू.)

उपाय एकच: आज फोटो काढायचा, बरीच वर्षं थांबायचं आणि त्याच जागेचा पुन्हा फोटो काढायचा.

या कामाचा एक जुना धागा आपल्याकडचाच आहे. बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये हैदराबादला वेधशाळा सुरू केली. पुढे ती निजामिया वेधशाळा झाली. सगळ्या आकाशाची छायाचित्रं काढण्याच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत दक्षिणेकडचा १७ ते २३ अंशांचा पट्टा आधी चिलीतल्या सँटियागोकडे होता. तो हैदराबादने उचलला. १९१४ ते १९२९ या काळात काचेच्या बाराशेहून अधिक प्लेट्स घेतल्या आणि लाखो ताऱ्यांच्या जागा मोजून छापल्या. पुढे सगळ्या वेधशाळांच्या या जुन्या नोंदी हिप्पार्कस उपग्रहाच्या मोजमापांशी जुळवल्या आणि २००० साली २५ लाख ताऱ्यांच्या गतींची ‘टायको-२’ सूची तयार झाली. हैदराबादचा पट्टा फुगवट्याच्या वरच्या कडेवरून जातो. पण त्या प्लेट्सवरचे तारे बहुतेक अलीकडचे, तेजस्वी. फुगवट्यातले तारे फार अंधुक, त्यात वाटेत धूळ.

ही धूळ एका ठिकाणी विरळ आहे. किटलीच्या तोटीजवळच्या त्या फटीला खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांच्या नावावरून ‘बाडेची खिडकी’ म्हणतात. पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीने १९५० मध्ये तिथे घेतलेल्या प्लेट्स १९८३ च्या प्लेट्सशी ताडून पाहिल्या. ३३ वर्षांत काचेवर तारे सरकले होते मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढे! तरीही ४०० हून अधिक ताऱ्यांच्या गती हाती आल्या आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. नंतर हबल दुर्बिणीने हेच काम काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या चित्रांवर केलं. चिलीतल्या व्हिस्टा दुर्बिणीने तर धुळीतून पार होणाऱ्या अवरक्त प्रकाशात कोट्यवधी तारे टिपले.

ही झाली आडवी सरक. तारा आपल्याकडे येतोय की दूर जातोय, हे फोटोत कळत नाही. त्यासाठी त्याच्या प्रकाशाचा वर्णपट बघावा लागतो. जवळ येणाऱ्या ताऱ्याच्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, दूर जाणाऱ्याच्या लाल बाजूला. जवळ येणाऱ्या गाडीचा हॉर्न चिरका वाटतो, तसंच हे.

एवढा खटाटोप कशासाठी? आपली दीर्घिका घडली कशी, याचा पुरावा या गतींमध्ये आहे. फुगवटा छोट्या दीर्घिका एकमेकींवर आदळून बनलेला जुना गोळा असावा, असं बराच काळ वाटत होतं. पण ‘ब्राव्हा’ या सर्वेक्षणात हजारो लाल राक्षसी ताऱ्यांचे वेग मोजल्यावर वेगळंच दिसलं. आकाशगंगेच्या पातळीपासून वरचे तारे आणि तिच्या जवळचे तारे जवळपास सारख्याच वेगाने केंद्राभोवती फिरतात. आदळआपटीतून बनलेला गोळा असा फिरत नाही, लांबट दांडा असा फिरतो. म्हणजे फुगवट्याचा मोठा भाग तबकडीतल्याच ताऱ्यांचा दांडा बनून, तो वर-खाली फुगून तयार झालेला आहे. आणि पृथ्वीवरून आपण तो जवळजवळ टोकाकडून बघतो, म्हणून त्याचा लांबटपणा नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.