फेसामागची शेपटी

आमच्या धावड्याच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी जड. काळ्या पाषाणातून मुरताना ते कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. असल्या पाण्यात साबण फाटतो, कपड्यावर करडी साय बसते. म्हणून घरात पावडर.

मी पावडरी तपासण्याची नोकरी करतो. गावी गेलो की काकू बाजारातली सुटी पुडी पुढं करते, "फेस तर लई येतो, पण ह्याच्यात हाये काय?"

फेस बहुधा एकाच जातीच्या रेणूंचा असतो. छोटे कारखानदार 'ॲसिड स्लरी' आणतात, ती सोड्यानं मारली की लिनियर अल्किल बेंझिन सल्फोनेट तयार. त्याचं सल्फोनेटचं डोकं पाण्याला धरतं, 10 ते 13 कार्बनची शेपटी तेलकटाला. शेपटी सरळ हवी. जुन्या डिटर्जंटांत ती फांद्याफांद्यांची होती; जिवाणूंना ती पचेना आणि युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे ढीग साचले. जर्मनीनं 1961 साली त्यावर कायदाच केला.

शेपटी ओळखायला गॅस क्रोमॅटोग्राफी लागते. पण तिथं नमुन्याची वाफ व्हावी लागते, आणि हे सल्फोनेट तापवलं तर करपतं. मग आधी त्याचं डोकं उडवायचं. पुडीतली पावडर मी अल्कोहोलमध्ये उकळून गाळली. गाळून खाली उतरलेलं फॉस्फोरिक आम्लात 200 अंशांच्या वर तापवलं की सल्फोनेट सुटतं आणि उरलेलं अल्किल बेंझिन वाफेबरोबर वर येतं. त्याचा थेंबाहूनही कमी अंश 30 मीटर लांबीच्या, पाव मिलिमीटर पोकळीच्या नळीतून वायूबरोबर सोडायचा. आखूड शेपट्या आधी बाहेर पडतात, लांब मागून. टोकाला हायड्रोजनच्या ज्योतीत जळताना प्रत्येकाची नोंद होते.

सरळ शेपट्या असल्या की कागदावर शिखरांचे चार झुबके उमटतात. एका झुबक्यातही चार-पाच शिखरं, कारण बेंझिन शेपटीच्या कितव्या कार्बनला चिकटलंय यावरून वेळ बदलते. दुसऱ्या कार्बनवालं सगळ्यात शेवटी येतं. फांद्या असल्या तर नुसतं गिचमिड. एकूण माल किती, हे साध्या टायट्रेशनमध्येही कळतं आणि रोज मी तेच करतो. हा उपद्व्याप फक्त जात शोधायला.

काकूच्या पुडीत झुबके चोख निघाले. मात्र गाळणकागदावर सोडा, सोडियम सल्फेट आणि मिठाचा ढीगच राहिला होता.

"मग किलोभर सोडाच आणते, स्वस्त पडंल," काकू म्हणाली.

आण, म्हटलं, पण ट्रॅक्टरच्या ऑइलचे डाग नुसत्या सोड्याला दाद देणार नाहीत.