रोग रेड्याला, औषध पखालीला

टायर बदलला तरी त्याच चाकाला तीच झीज. अमेरिकेतल्या ओढत्या घरांच्या चाकांखाली दडलेलं दुखणं ओळखायचं कसं?

मिशिगनमध्ये राहणाऱ्या माझ्या आतेभावाने तीन वर्षांपूर्वी एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. पिकअपच्या मागे जोडून ओढायचं घरच ते. आत पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर. खाली दोन एक्सल आणि चार चाकं. पहिल्याच उन्हाळ्यात मंडळी यलोस्टोनला जाऊन आली. परतल्यावर त्याने व्हिडिओ कॉलवर मला उजवीकडचा मागचा टायर दाखवला. बाहेरून बघावं तर नक्षी नव्यासारखी. मग त्याने फोन चाकाच्या आतल्या बाजूला नेला. तिथे दोन बोटं रुंदीचा पट्टा पार गोटा झालेला आणि एका जागी दोरे बाहेर आलेले. दुकानदाराने नवा टायर घालून दिला. पुढच्या उन्हाळ्यात त्याच चाकाने त्याच कडेला तो टायरही खाल्ला. “दादा, टायरच फालतू दिला रे,” भाऊ म्हणाला.

टायर फालतू नव्हता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललं होतं.

मोटारीचं चाक वाकडं झालं की स्टिअरिंग हाताला सांगतं. गाडी एका बाजूला ओढते, थरथरते. ट्रेलरला स्टिअरिंग नाही आणि त्याची चाकं ड्रायव्हरच्या पाठीमागे वीस-पंचवीस फुटांवर. तिथे काय बिघडलंय, हे पुढे बसलेल्याला कळतच नाही. शिवाय मोटार बहुतेक वेळा अर्धी रिकामी धावते. ट्रेलर मात्र घरदार पाठीवर घेऊन कायम क्षमतेच्या काठावर. त्यामुळे झिजलेला टायर हीच तिथली एकमेव तक्रारवही. ती वाचता आली पाहिजे.

वाचन सोपं आहे. मधला पट्टा झिजला आणि कडा शाबूत असतील, तर हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत असेल, तर हवा कमी किंवा वजन जास्त. जागोजागी वाटीसारखे खळगे पडले असतील, तर चाकाचं बॅलन्सिंग बिघडलंय किंवा बेअरिंग ढिलं झालंय. एकाच ठिकाणी सपाट चट्टा पडला असेल, तर ब्रेक लागून चाक घसटलंय. आणि एकच कड झिजली असेल, तर टायरकडे बघणं सोडून एक्सलकडे बघायचं.

ट्रेलरचा एक्सल म्हणजे लोखंडी पाइप आणि त्याच्या दोन टोकांना चाक फिरतं ते स्पिंडल. हा पाइप सरळ असतो असं वाटतं, पण तो मुद्दाम किंचित कमानदार केलेला असतो, मध्ये वर उचललेला. रिकाम्या ट्रेलरची चाकं त्यामुळे वरच्या बाजूने जराशी बाहेर झुकतात. वजन पडलं की कमान दबते आणि चाकं उभी होतात. वजन मर्यादेबाहेर गेलं की कमान उलटी होते, चाकांचे माथे आत झुकतात आणि आतली कड रस्ता घासू लागते. चाकाच्या या कलण्याला कॅम्बर म्हणतात. दोन्ही चाकांच्या आतल्या कडा सारख्या खाल्ल्या जात असतील, तर अख्खा एक्सल वजनाने वाकलाय. एकाच चाकाची आतली कड जात असेल, तर संशय त्या बाजूच्या स्पिंडलवर. ट्रेलरची उंची वाढवण्यासाठी एक्सल स्प्रिंगच्या पाट्यांच्या वरून काढून खाली बसवतात. तेव्हा कोणी पाइपच उलटा फिरवला, तर कमान खाली तोंड करते आणि चाकं पहिल्याच दिवसापासून आत कलतात.

दुसरं दुखणं टो. चाकं वरून पाहिली, तर ती गाडीच्या दिशेला समांतर हवीत. पुढून आत वळली तर टो-इन, बाहेर वळली तर टो-आउट. चाक फक्त अर्धा अंश तिरकं असेल, तर ते दर किलोमीटरला साधारण पावणेनऊ मीटर आडवं फरपटतं. हजार किलोमीटरच्या सहलीत जवळपास नऊ किलोमीटर! ही फरपट डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला कळते. टायरच्या नक्षीवरून तळवा आडवा फिरवायचा. बाहेरून आत नेताना गुळगुळीत लागलं आणि आतून बाहेर आणताना करवतीसारखं बोचलं, तर टो-इन. उलट लागलं, तर टो-आउट. झिजलेल्या टायरची तार हातात घुसू शकते, म्हणून हातमोजा घालून किंवा जुनं फडकं घेऊन हा प्रयोग करावा. बोचरी कड फडक्यात अडकते.

पुढची तपासणी मोजपट्टीची. ट्रेलर सपाट जागी, हिचपाशी, म्हणजे गाडीला जोडायच्या टोकाशी, जमिनीला समतल उभा करायचा. हिचच्या मध्यापासून पुढच्या एक्सलच्या डाव्या टोकाचं अंतर घ्यायचं, मग उजव्या टोकाचं. दोन्ही सारखी हवीत. मग पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर दोन्ही बाजूंना मोजायचं. फरक एका सुताहून जास्त निघाला, तर एक्सल चासीला काटकोनात नाही. असा ट्रेलर खेकड्यासारखा किंचित तिरका धावतो.

एक्सल न वाकताही तो सरकतो. बहुतेक ट्रेलर पाट्यांवर उभे असतात. पुढच्या आणि मागच्या पाट्यांच्या मध्ये इक्वलायझर नावाचा तुकडा असतो, तराजूच्या दांडीसारखा. एक चाक उंचवट्यावर चढलं की तो वजन दुसऱ्याकडे वाटून देतो. त्याच्या आणि त्याला पाट्यांशी जोडणाऱ्या शॅकलच्या बोल्टवर बहुधा नायलॉनचे बुश असतात. काही हजार मैलांत ते झिजून जातात. मग बोल्ट लोखंडावर लोखंड घासतो, भोक अंड्यासारखं लांबट होतं आणि एक्सल वाट्टेल तसा हलतो. म्हणून जाणकार नायलॉनच्या जागी ब्राँझचे बुश आणि ग्रीस भरता येईल असे बोल्ट घालतात. काही ट्रेलरना पाटे नसतात; चौकोनी पाइपात दाबलेले रबरी दांडे वजन झेलतात. त्यात इक्वलायझर नाही. त्यामुळे ट्रेलर नाक वर करून ओढला, तर बराच भार मागच्या एक्सलवर जातो.

आता वजनाचा हिशेब. दोन एक्सलच्या ट्रेलरला बऱ्याचदा साडेतीन हजार पौंडांचे एक्सल असतात, म्हणजे एकूण ७,००० पौंड. त्यावर सर्रास दिसणारा २०५/७५ आर १५ मापाचा, लोड रेंज सी टायर ५० पीएसआय हवेला १,८२० पौंड, म्हणजे सव्वाआठशे किलो पेलतो. चारांचे झाले ७,२८० पौंड. म्हणजे शिल्लक जेमतेम. त्यात ४० गॅलनची पाण्याची टाकी भरली की दीडशे किलो वाढले. स्वयंपाकघर एका बाजूला असेल, तर त्या बाजूची चाकं आणखी दबतात. हायवेवरच्या ट्रक-थांब्यांवर वजनकाटे असतात. भरलेला ट्रेलर एकदा तरी तिथे न्यावा. प्रत्येक चाकाचं वजन वेगळं करून मिळालं, तर सोन्याहून पिवळं.

ट्रेलरच्या टायरवर मापाआधी ‘एसटी’ लिहिलेलं असतं. आपल्या लाल परीशी त्याचा संबंध नाही. टायर खास ट्रेलरसाठी आहे, एवढाच अर्थ. वेगाचं वेगळं चिन्ह नसेल, तर ताशी ६५ मैल, साधारण १०५ किलोमीटर, ही त्याची मर्यादा. कडेवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडेही बघावेत. २३१९ असेल, तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. ट्रेलर वर्षातले दहा महिने अंगणात उभा असतो. नक्षी शिल्लक राहते आणि रबर म्हातारं होतं. पाच-सहा वर्षं झालेला टायर नवा दिसला, तरी त्याच्यावर विसंबू नये. तो धावताना फुटला, तर सुटलेला पट्टा चाबकासारखा फिरतो. चाकावरचा पत्रा, खालची वायरिंग, पाण्याचे नळ, सगळं फाडून काढतो.

बेअरिंगसाठी चाक उचलून वर-खाली धरून हलवावं. खडखड आली, तर खोलून बघावं. वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांना ग्रीस बदलण्याची रीत आहे. जॅक मात्र एक्सलच्या पाइपखाली कधीच लावू नये, चासीखाली लावावा. पाइपखाली लावलेल्या जॅकने चांगला एक्सल वाकवता येतो.

भावाच्या ट्रेलरला हे सगळं करून बघितलं. मोजपट्टीची मापं जुळली, बुश ठीक निघाले, बेअरिंग घट्ट. मग ट्रकचं अलाइनमेंट करणाऱ्या गॅरेजात कॅम्बर मोजला. उजवीकडच्या मागच्या चाकाचा माथा स्पष्टपणे आत कलला होता. मिशिगनमध्ये हिवाळ्यात पाणी भेगांत गोठतं, वितळतं, पुन्हा गोठतं आणि वसंतात रस्त्यांची चाळण होते. अशाच एका खड्ड्यात चाक आदळल्याचं त्याला तेव्हा आठवलं. गॅरेजवाल्यांनी साखळ्या आणि हायड्रॉलिक जॅक लावून, न तापवता एक्सल जागेवर आणला. नंतर दोन सहली झाल्या. टायरची नक्षी आत-बाहेर सारखी आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. ओढती घरं इथे अजून विरळा असली, तरी पाट्यांवर चालणाऱ्या ट्रॉल्या गावोगाव आहेत आणि लोखंड वाकायचे नियम त्यांनाही लागू आहेत. तुमच्याकडे यातलं काहीही असेल, तर निघण्यापूर्वी खाली वाकून टायरची आतली बाजू बघा. एक कड खाल्लेली दिसली, तर टायरवाल्याच्या आधी एक्सल मोजणाऱ्याकडे जा.