जहाल, मवाळ आणि पुढचे शिक्के

२ जानेवारी १९०७ रोजी टिळक कलकत्त्यात नव्या पक्षाची तत्त्वं सांगायला उभे राहिले, तेव्हा त्यांनी आधी नावांचाच समाचार घेतला. जहाल आणि मवाळ हे शब्द काळाबरोबर बदलणारे आहेत, कालचे जहाल आज मवाळ ठरले आणि आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील, असं त्यांनी बजावलं. उदाहरण दिलं दादाभाई नौरोजींचं. काँग्रेसच्या सुरुवातीच्या काळात जी मतं जहाल समजली गेली, तीच आता मवाळ म्हणून खपत होती. ज्याला स्वतःला जहाल म्हटलं जात होतं, तोच हे सांगत होता. पुढच्या वीस वर्षांत हे भाकीत खरं ठरलं, आणि त्याचा अनुभव टिळकांच्याच अनुयायांना आला.

त्याआधी पुण्यात गाजत होता तो ‘सुधारक’ हा शिक्का. आगरकर हयात असताना त्यांची प्रेतयात्रा काढण्यापर्यंत लोकांची मजल गेली. सरकारवर टीका करण्यात हाच माणूस टिळकांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता आणि १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीचा तुरुंग एकत्र भोगला होता, हे मात्र विसरलं गेलं. एकदा सुधारक म्हटलं की झालं, त्याचं राजकारण कोण बघतो? उलट बाजूला, संमतिवयाच्या कायद्याला विरोध करणारे टिळक राजकारणात जहाल ठरले. समाजसुधारणेच्या मापाने मोजलं असतं तर नावांची अदलाबदलच करावी लागली असती.

१८९५ च्या पुणे काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरवू द्यायची की नाही, यावरून रण माजलं. त्याच वर्षी पुण्याची सार्वजनिक सभा टिळकांकडे गेली आणि पुढच्या वर्षी रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा काढली. तिच्या जाहीरनाम्यात रानड्यांनी उदारमतवाद आणि नेमस्तपणा ही आपली तत्त्वं म्हणून अभिमानाने सांगितली होती. भूषण म्हणून घेतलेला हा नेमस्तपणा दहा-बारा वर्षांत ‘मवाळ’ होऊन शिवीसारखा वापरला जाऊ लागला.

डिसेंबर १९०७, सुरत. रासबिहारी घोष अध्यक्षपदावर, टिळक बोलू द्या म्हणून व्यासपीठावर हाताची घडी घालून उभे. सभेतून एक जोडा भिरभिरत आला. लालसर कातड्याचा, टोकदार, तळाला शिसं ठोकलेला दक्षिणी जोडा. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला चाटून फिरोजशहा मेहतांना लागला. मग काठ्या निघाल्या, खुर्च्या उडाल्या. काँग्रेस दुभंगली आणि सरकारला हवं ते आयतंच मिळालं. भारतमंत्री मोर्ले आणि व्हाइसरॉय मिंटो यांचं धोरण सरळ होतं. मवाळांना सुधारणा देऊन जवळ करायचं, जहालांना तुरुंगात टाकायचं. १९०८ मध्ये टिळक सहा वर्षांच्या शिक्षेवर गेले, १९०९ मध्ये सुधारणा आल्या. आपण एकमेकांना ठेवलेली नावं राज्यकर्त्याने अशी कामाला लावली.

आणि ‘मवाळ’ गोखले काय करत होते? १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. गावोगावच्या मुलांना शाळेत बसवण्याची ही मागणी त्या काळच्या कोणत्या घोषणेपेक्षा कमी जहाल होती, हे मला अजून उमगलेलं नाही. १९१५ मध्ये गोखले गेले, तेव्हा स्मशानात त्यांना भारताचा हिरा म्हणणारे टिळकच होते.

मग काटा फिरला. १९१८ मध्ये जुने मवाळ काँग्रेसमधून बाहेर पडून लिबरल झाले. १९१९ च्या अमृतसर काँग्रेसमध्ये टिळकांनी प्रतियोगी सहकारितेची भाषा केली, सरकार जितकं देईल त्या बेताने सहकार्य करायचं. वर्षभरात गांधीजींचा असहकार आला आणि टिळकांच्या पश्चात त्यांचे अनुयायी एकाएकी थंड वाटू लागले. १९२६ मध्ये केळकर, जयकर, मुंजे यांनी प्रतिसहकार पक्ष काढला. टिळकांच्या ‘केसरी’च्या संपादकाला, म्हणजे केळकरांना, कोणी मवाळ म्हणेल, हे १९०७ मध्ये कोणाला खरं वाटलं नसतं.

पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शिक्के इतिहासातून उचलले जाऊ लागले. १९५६ मध्ये मराठी-गुजराती द्विभाषिक राज्य पत्करणाऱ्या यशवंतराव चव्हाणांना ‘सूर्याजी पिसाळ’, म्हणजे फितूर, ठरवलं गेलं, मुख्यमंत्री मोरारजी देसाईंना आचार्य अत्र्यांनी ‘नरराक्षस’ केलं. आंदोलकांवर मुंबईत झालेल्या गोळीबाराचा संताप खरा होता, त्याबद्दल वाद नाही. पण द्विभाषिकातूनच संयुक्त महाराष्ट्राकडे वाट जाते का, हा चव्हाणांचा मुद्दा तपासून पाहण्याची उसंत ‘पिसाळ’ या एका शब्दाने संपवली. १९५७ ला चव्हाण कराडमधून जेमतेम निवडून आले.

हल्लीचे शिक्के इथे मुद्दाम घेत नाही, त्यांची शाई अजून ओली आहे.

१ मे १९६० रोजी नव्या महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले ते हेच यशवंतराव. मंगल कलश आणणारा म्हणून त्यांचा गौरव झाला. १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या आणि ज्या संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभांतून ‘पिसाळ’ची आरोळी उठली होती, ती तोवर फुटून गेली होती.